प्रत्येक पान एकदाच

एक

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दृष्टिहीनांचे ध्वनिग्रंथालय मुके झाले.

बुधवारी ज्यांची परीक्षा होती असे चारशे विद्यार्थी त्या वेळी धडे ऐकत बसले होते. वाक्य मध्येच तुटले आणि त्याच्या जागी एक निर्विकार सूचना ऐकू येऊ लागली, ‘या संकेतस्थळाने महिन्याची मर्यादा ओलांडली आहे.’ ज्याने त्याने पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच. दुपारी चारला धडे परत बोलू लागले खरे, पण तोवर ग्रंथालयाच्या संचालकांचे पत्र होस्टिंग कंपनीच्या मालकीणबाईंच्या टेबलावर येऊन पडले होते.

मालकीणबाईंनी ते पत्र मंगळवारी सकाळी आपल्या थोरल्या भावापुढे सरकवले. भावाने एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले होते. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘शंकासुर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता.

पत्रात लिहिले होते : ‘आमच्या कराराची मुदत शुक्रवारी सायंकाळी पाचला संपते. मुदत जवळ आली की आपल्या ग्राहकांची मर्यादा नेमकी फुटते, आणि मोठी योजना घ्या म्हणून आपल्या कार्यालयातील बाईंचा फोन येतो, असे आम्हांस आणखी दोघांनी सांगितले आहे. याला योगायोग म्हणत नाहीत. दोषी कोण ते शुक्रवारपर्यंत कळवावे. अन्यथा करार संपला असे समजावे.’

‘मर्यादा म्हणजे नेमके काय?’ अध्यापकांनी विचारले. ‘मी अडाणी आहे असे समजून सांग.’

‘समजायला कशाला हवं, दादा?’ धाकटी म्हणाली. पण तिच्या विनोदात जीव नव्हता. ‘लोकांच्या साइट आपल्या सर्व्हरवर असतात. कुणी साइट उघडली की माल बाहेर जातो. महिन्याला किती जावा याचं माप ठरलेलं, तीच बँडविड्थची मर्यादा. मीटर भरला की दार आपोआप बंद.’

‘आणि दार बंद झाले की ग्राहक काय करतो?’

‘मुदत लांब असेल तर चार शिव्या घालतो आणि विसरतो. मुदत पंधरा दिवसांवर असेल तर दुसरं दुकान शोधतो. आठ महिन्यांत चौदा करार मुदतीला आले. त्यातल्या नऊ जणांचा मीटर शेवटच्या पंधरवड्यातच फुटला. सहा निघून गेले, दोघांनी मोठी योजना घेतली. नववं हे ग्रंथालय. तेही गेलं तर मला एक मजला सोडावा लागेल.’

‘आठ महिन्यांपूर्वी काय घडले होते?’

‘काही नाही. उलट सगळं सुरळीत झालं होतं. तुझाच अहवाल अमलात आणला होता ना.’

टेबलावर आणखी एक कागद होता. करारांच्या नूतनीकरणाचे काम पाहणाऱ्या बाईंना कामावरून कमी करण्याचे ते पत्र होते. फक्त सही राहिली होती.

‘शुक्रवारी पाचला तिला देणार आहे,’ धाकटी खिडकीबाहेर पाहत म्हणाली. ‘सहा वर्षांची बाई आहे, दादा. पण प्रत्येक मोठ्या योजनेमागे तिला वाटा मिळतो. दुसरं कुणाचं नाव घेऊ मी?’

अध्यापकांनी चौदा नावांच्या यादीवर बोट ठेवले. पहिल्याच नावाशी ते बोट अडले आणि मग, जणू काही वाचलेच नाही, असे पुढे सरकले.

ते नाव त्यांच्या पत्नीचे होते. तिला जाऊन दोन वर्षे झाली होती.

दोन

नूतनीकरणाच्या बाईंना सारे कार्यालय ‘गोडबोली’ म्हणत असे. त्या दिवशी मात्र त्यांच्या बोलण्यातली साखर पार विरघळून गेली होती.

‘सर, विचारायचं ते सरळ विचारा. मला कळलंय. टायपिंगवाल्या पोरीला रडू आवरत नव्हतं, तेव्हाच कळलं.’

‘मीटर फुटल्यावर किती वेळात तुम्ही ग्राहकाला फोन करता?’

‘पंधरा मिनिटांत. मग काय करू? बुडणाऱ्याला दोर टाकायचा नाही? आता म्हणतात, ढकललंही हिनंच.’

‘दोघांनी मोठी योजना घेतली. तुमचा फायदा झाला.’

‘आणि सहा गेले! गेलेल्या माणसाचा वाटा कोण देतो, सर? गपगुमान रिन्यू करणाऱ्याचा दरवर्षी मिळतो. शिकलेसवरलेले ना तुम्ही, मांडा की हिशेब.’

अध्यापकांना युक्तिवाद आवडला. त्यांनी तो मनातल्या मनात उलटून पाहिला; दुसरी बाजूही तितकीच पक्की निघाली. ज्या दुभत्या गाईवर पोट आहे तिला कोणी वर्षातून एकदा घाबरवून पळवून लावत नाही.

‘विचित्र वाटावे असे काही घडले का या आठ महिन्यांत? क्षुल्लक असले तरी चालेल.’

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘एकाचा फोन आला होता. लग्नसमारंभाचे फोटो काढणारा, गेलेल्या सहांतला. मला वाटलं भांडायला केलाय. तर हा आभार मानतोय! म्हणाला, साइट पुसली गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नव्या डिस्कवर सगळं पोचलं, देव भलं करो. मी म्हटलं, कुठली डिस्क, दादा? रॉंग नंबर लागला तुम्हाला.’

‘आणि तो काय म्हणाला?’

‘हसला. म्हणाला, नाव लिहिलं नाहीत पाकिटावर, तरी मला कळलंच की.’

अध्यापकांची लेखणी थांबली. करार संपला त्याच सायंकाळी ग्राहकाची सर्व सामग्री कंपनीच्या सर्व्हरवरून पुसली जाते. मग ती आली कोठून?

तीन

संशयितांत दुसरे होते ते मालकीणबाईंचे जुने भागीदार. तीन वर्षांपूर्वी त्यांनी समोरच्याच रस्त्यावर आपले वेगळे दुकान थाटले; तेव्हापासून इकडे त्यांचे नाव ‘फुटीर’ पडले होते. गेलेल्या सहांपैकी चौघे त्यांच्याकडेच गेले होते.

‘या, शंकासुर, या!’ फुटीरांनी खुर्ची पुढे केली. ‘मी पाडले म्हणता का तुमचे ग्राहक? अहो, आयते पिकून पडत असताना झाडावर दगड कोण मारील?’

‘कोणाचा करार कधी संपतो, हे तुम्हांला ठाऊक आहे?’

‘तीन वर्षांपूर्वीचे ठाऊक होते. नंतर आलेल्यांचे कसे असेल?’ क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. ‘तिला सांगा, तिचे ग्राहक घेताना मला बरे वाटत नाही. घेतो, पण बरे वाटत नाही.’

नऊंपैकी पाच ग्राहक गेल्या तीन वर्षांतले होते. तेव्हा अध्यापकांनी फुटीरांच्या नावावर काट मारली.

तिसरे होते वैद्यबुवा. कार्यालयाच्या मागील बाजूस काचेच्या दारापलीकडे सर्व्हरांची थंडगार खोली होती. तेथे बावीस वर्षे विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर घालून वावरणारा हा माणूस यंत्रांच्या पाठीवर तळवा ठेवून त्यांचा ताप सांगत असे, म्हणून हे नाव. अध्यापकांची आणि त्यांची जुनी ओळख होती. पत्नीचे संकेतस्थळ त्यांनीच हौसेने उभे करून दिले होते. त्यावर भरतकामाचे नमुने होते, तीनशे बारा, आणि प्रत्येकाखाली तिच्या हातची टीप.

‘सर्व्हर ठणठणीत आहेत, सर,’ वैद्यबुवा म्हणाले. ‘बाहेरून कुणीतरी येऊन माल उपसतंय. रोज बाहेरच्या पत्त्यांवर डोळा ठेवून बसतो, सापडत नाही. मागच्या नोंदी मला दाखवतही नाहीत आता. सगळ्यांवरच संशय ना.’

‘आपलीच माणसे साइट उघडतात तेव्हा मीटर पडतो का?’

‘छे! आपल्या माणसांना मीटर नाही. तो नियम मीच घातलाय, किती वर्षं झाली. घरच्यानं पाणी प्यायलं तर कोण मोजतं?’

‘नूतनीकरणाच्या बाईंबद्दल तुमचे मत?’

वैद्यबुवांनी मान हलवली. ‘तिनं नाही केलं. शपथेवर सांगतो. सर, त्या पोरीला वाचवा. कुणी केलंय तो सापडला ना, तर त्याला माझ्यासमोर आणा फक्त.’

त्यांचा आवाज इतका सच्चा होता, की अध्यापकांनी वहीत त्यांच्या नावापुढे ‘निर्दोष’ असे लिहिले. ते त्यांनी पुढे खोडले नाही. आणि हाच पुढे त्यांचा सर्वांत मोठा पेच ठरला.

चार

गुरुवारी दिवसभर अध्यापक धाकटीने काढून दिलेल्या नोंदी वाचत बसले. कोणत्या ग्राहकाच्या साइटवर कोण, केव्हा आले आणि काय घेऊन गेले, याचे ते बाड होते. त्यांनी सुरुवात केली ती पहिल्या नावापासून. खरे तर तेथे शोधण्यासारखे काही नव्हते. तिची मर्यादा फुटलेली नव्हतीच.

चौदा महिने त्या साइटवर कोणी फिरकले नव्हते. अध्यापकांना हे माहीत होते. करार संपायला दोन महिने उरले तेव्हा ‘वहिनीची साइट ठेवायची ना?’ असे धाकटीने विचारले होते आणि त्यांनी शांतपणे उत्तर दिले होते, ‘जे कोणी पाहत नाही ते ठेवण्याला कारण काय?’ तेच वाक्य त्यांनी अहवालातही घातले होते, कारण ते त्यांना निर्दोष वाटले होते.

आणि आता नोंद सांगत होती, की करार संपण्याआधीच्या रविवारी सकाळी कोणीतरी आले होते. पहिला नमुना पाहिला. दुसरा. तिसरा. तीनशे बाराही पाहिले. एकही गाळला नाही, एकही दुसऱ्यांदा उघडला नाही.

अध्यापक उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागले. कोण होते ते? जगात कोठेतरी एका माणसाने आपली सुटीची सकाळ तिच्या टाक्यांसाठी दिली होती! भावना हा पुरावा नव्हे, असे ते वर्गात शिकवत आले होते. तरी त्यांनी ती तारीख वहीत दोनदा अधोरेखित केली.

मग ते बाकीची तेरा नावे वाचू लागले आणि हळूहळू त्यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. चौदाही ठिकाणी तोच पाहुणा आला होता. चार पानांच्या शिंप्याकडेही आणि हजारो तासांच्या ग्रंथालयाकडेही. मुदतीआधीच्या पंधरवड्यात, सुटीच्या दिवशी. प्रत्येक वस्तू एकदाच. ज्याला मर्यादाच फोडायची आहे तो एकच मोठी वस्तू शंभरदा उचलील. हा पाहुणा लुटायला आलेला नव्हता. घर सोडून जाणाऱ्याचे सामान बांधून ठेवावे, तसे त्याने सगळे उचलून ठेवले होते. लहानांची मर्यादा मोठी पडली, म्हणून ते वाचले. मोठ्यांचे सामानच एवढे, की ते हलवताना मीटर काठाशी आला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची माणसे येताच दार मोडले.

आणखी एक खूण होती. ग्रंथालयात दर दीडशे जीबीनंतर हा पाहुणा दहा-पंधरा मिनिटे थांबे. फोटोवाल्याकडेही तसेच. दीडशे! हा आकडा त्यांनी कोठेतरी लिहिला होता.

त्यांनी कपाट उघडून स्वतःच्या अहवालाची प्रत काढली. काटकसरीचे उपाय, कलम तीन : ‘मुदत संपल्यावर ग्राहकाची सामग्री तीन महिने सांभाळण्याची प्रथा बंद करावी. ती त्याच दिवशी पुसावी. त्यासाठी राखलेले जुने यंत्र, दीडशे जीबीच्या चाळीस डिस्कांसह, भंगारात काढावे. यापुढे कोणीही प्रत काढू नये.’

अक्षर त्यांचे होते. सही त्यांची होती. आणि भंगार उचलून नेण्याचे काम कोणाकडे सोपवले होते, हेही त्यांना आठवले.

पाच

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मालकीणबाईंच्या खोलीत चौघे बसले. वैद्यबुवांना एकांतात गाठावे, असे अध्यापकांच्या मनात होते. पण गोडबोलींना त्यांच्या तोंडावर निर्दोष ठरवणे हेही देणेच होते, आणि दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याची युक्ती कोणत्याही तर्कशास्त्रात नव्हती.

‘प्रत्येक मुदतीची तारीख ठाऊक असलेले कार्यालयात तिघेच आहेत,’ त्यांनी सुरुवात केली. ‘या बाईंचे पोट राहणाऱ्या ग्राहकावर आहे, जाणाऱ्यावर नव्हे. मालक स्वतःचे घर जाळत नाही. शिवाय येणारा मर्यादा फोडायला आलेलाच नव्हता. त्याला प्रत हवी होती. ग्राहक गेला आणि नंतर रडत परत आला, तर त्याच्या हातात काहीतरी ठेवता यावे म्हणून. अशी प्रत कोण काढील? ज्याच्या हातून पूर्वी पुसले गेले असेल तो. आणि दीडशेच्या जुन्या डिस्का ज्याच्या घरी—’

‘थांबा, सर.’ वैद्यबुवा उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. ‘डिस्का माझ्याकडेच आहेत. प्रती मीच काढतो, घरून, रविवारी. मनाई आहे, चूक आहे, मान्य. पण मीटरचा त्याच्याशी काय संबंध? आपल्या माणसांना मीटर नाही.’

‘तो नियम कशावर बांधला होता तुम्ही?’

‘कशावर म्हणजे? ऑफिसच्या इंटरनेट लाइनच्या पत्त्या—’

त्यांनी वाक्य तिथेच सोडून सर्व्हरांच्या खोलीकडे पाहिले.

‘यंत्र इथे होते तोवर तुम्ही इथून प्रत काढत होता,’ अध्यापक हळू आवाजात म्हणाले. ‘मीटर पडत नव्हता. यंत्र घरी गेले. सवलत इथेच राहिली. ती तुम्हांला नव्हती, वैद्यबुवा. ती या जागेला होती.’

वैद्यबुवा खाली बसले. ‘माझ्या डोक्यातच आलं नाही,’ ते म्हणाले. ‘बावीस वर्षं झाली. मी म्हणजेच ऑफिस, असं... मी बाहेरचा शोधत बसलो होतो. बाहेरचा मीच होतो.’

गोडबोली उठल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. नोकरी वाचल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नसता.

‘पण कशासाठी, बुवा?’ धाकटी कळवळून म्हणाली. ‘मला विचारायचं तरी!’

‘विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, ताई. एका बाईच्या मुलाची गाणी होती. मुलगा गेलेला. रिन्यूअलची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. तेव्हा तीन महिने ठेवायचो आपण. ती आली चौथ्या महिन्यात. पुसणारा हात माझाच. तेव्हापासून तीन महिने तरी चुकवायचे नाहीत, असं ठरवलं होतं. मग तेही बंद झाले.’

कोणी बंद केले ते त्यांनी सांगितले नाही. अध्यापकांकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी तेवढी दया दाखवली. तीच अध्यापकांना सर्वांत जड गेली.

‘ते कलम माझे होते,’ ते म्हणाले.

सहा

साडेचारला मालकीणबाईंनी संचालकांना फोन करून काहीही न लपवता सगळे सांगितले.

‘भल्या माणसाने केले, हे मला पटते,’ संचालक म्हणाले. ‘त्या बाईंची मी लेखी माफी मागतो. पण ताई, चारशे मुलांना मी सांगू शकत नाही, की परीक्षेच्या तोंडावर तुमचे धडे प्रेमापोटी बंद पडले होते. आम्ही दुसरीकडे जागा घेतली आहे. आणि प्रतीची काळजी नको; आमच्याकडे आमची प्रत आहे. पहिल्यापासून.’

वैद्यबुवांनी हे ऐकले. एकदा मान हलवली.

पाचला ग्रंथालयाची सामग्री नियमाप्रमाणे पुसली गेली. शेवटची कळ वैद्यबुवांनीच दाबली, कारण ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हते. मग किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला. धाकटीने तो त्यांच्याकडे परत सरकवला. त्यांनी तो पुन्हा तिच्याकडे सरकवला. गोडबोलींच्या नावाच्या पत्राचे चार तुकडे टोपलीत पडले होते.

चाळीस डिस्का वैद्यबुवांनी रिक्षातून दोन पिशव्यांत भरून आणून दिल्या. त्या मोजून घेण्याचे काम अध्यापकांनी स्वतःकडे घेतले. प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर सुबक अक्षरात ग्राहकाचे नाव आणि तारीख. ज्यांचे तीन महिने सरले होते त्यांच्या नावावर एक बारीक रेघ आणि खाली दुसरे नाव. डिस्का चाळीसच होत्या. त्या फिरत्या ठेवाव्या लागत होत्या.

अध्यापक एकेक पट्टी वाचत गेले. आपण काय शोधतो आहोत, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केले नव्हते. सतरावी डिस्क हाती आली तेव्हा ते थांबले.

पट्टीवर तिचे नाव होते. त्यावर एक रेघ. खाली आणखी एक नाव, त्यावरही रेघ. सर्वांत खाली ध्वनिग्रंथालयाचे नाव.

‘तीन महिने ठेवलं होतं, सर,’ दारातून वैद्यबुवा म्हणाले. ते स्वेटर काढून घडी घालत होते. ‘वर आणखी पंधरा दिवस. वाटलं होतं, तुम्ही विचाराल. सगळ्यांना सगळं विचारता ना तुम्ही.’

ज्या रविवारी जगात कोणीतरी तिचे टाके पाहत होते, त्या रविवारी आपण काय करत होतो, एवढा एकच प्रश्न अध्यापकांच्या मनात उरला होता. त्याचे उत्तर त्यांना आठवत होते. ते घरी बसून अहवालामुळे झालेल्या बचतीचा हिशेब तपासत होते.

त्यांनी डिस्क इतर डिस्कांशेजारी ठेवली, वहीत सतरा हा आकडा लिहिला आणि अठरावी उचलली.